फेरी रद्द : रोजनिशीतील काही पाने

शुक्रवार, ३० ऑगस्ट २०२४, वाशिम

सोमवारी पोळा. आज वर्गातली निम्मी पोरं मनानं गोठ्यातच होती. कोणाच्या बैलाच्या शिंगांना कोणता रंग लावायचा, यापुढे अपूर्णांकांना कोण विचारतो?

संध्याकाळी स्थानकावर ही गर्दी. बहुतेक माहेरवाशिणी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गर्दीचा तोंडवळाच बदललाय. त्याआधी, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला होता. शेजारच्या आजी दर गुरुवारी उगाच कारंज्याला गुरुमंदिरात जाऊन येतात. त्यांच्या शब्दांत सांगायचं तर, "सरकारनं पाय देल्ले, आता बसून काहून राहू?" दोन्ही योजना मला मनापासून पटतात. मात्र सवलतीसाठी एक शासन निर्णय पुरला आणि गाड्या काही त्या निर्णयानं वाढल्या नाहीत. कोरोनाआधी महामंडळाकडे अठरा हजारांच्या घरात गाड्या होत्या, आता पंधरा हजारांच्या आसपास. प्रवासी मात्र रोजचे पन्नास लाखांवर. त्यामुळे एक गाडी आली नाही की फलाटावर पुढच्या दोन गाड्यांची माणसं साचतात.

नकाशाची गंमत आज पुन्हा मनात आली. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. कलेक्टर आले, एसपी आले, जिल्हा परिषद आली. एसटीच्या हिशेबात मात्र वाशिम, रिसोड, मंगरुळपीर आणि कारंजा ही चारही आगारं अजून अकोला विभागातच मोडतात. मालेगाव आणि मानोरा तालुक्यांना तर स्वतःचं आगारच नाही. तिथल्या खेड्यातली सकाळची गाडी दुसऱ्या तालुक्यातून निघते, तेव्हा ती निघाली की नाही हे फाट्यावर उभ्या असलेल्याला कळायचा मार्ग एकच : रस्त्याकडे बघत राहायचं.

रविवार, १ सप्टेंबर

पोळ्यासाठी बहिणीच्या गावी. गाव जिल्ह्याच्या शिवेपलीकडे आहे. त्याचं नाव आणि तिथलं आगार कोणतं, हे या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय, कारण पुढे त्या गावाच्या भानगडी लिहाव्या लागणार असं दिसतं.

रात्रभर कोसळत होता. हिंगोली-नांदेडकडे तर आभाळ फाटल्यासारखा पडला. गाडी निघाली वेळेवर, पण गावाच्या अलीकडच्या नाल्यावर थांबली. पुलावरून गढूळ पाणी चाललेलं. कठडा नाहीच. दोन्ही बाजूंना रोवलेले पांढरे दगड, त्यातले अलीकडचे दोन दिसत होते, बाकीचे पाण्यात.

सुरुवातीला सगळे समजूतदार. दहा मिनिटांनी एकजण उठला. "घाला ना भाऊ, गुडघ्याइतकंच हाये." मग दुसरा : "आत्ताच ट्रॅक्टर गेलं." मागून कोणीतरी, "भेव लागत असंन तं उतरा म्हना." ड्रायव्हर पन्नाशीचा, शांत. त्यानं इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात घातली आणि सीटवर उलटा वळून बसला. "दहागाव आठोते काय?" एवढंच विचारलं.

गाडीत चिडीचूप. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळच्या दहागावच्या नाल्यात नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी पुलावरून वाहून गेली होती. झाडाला धरून बसलेल्या माणसाचं चित्रण त्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरत होतं. पुसद-उमरखेड म्हणजे आमच्याकडच्यांचं सोयऱ्याधायऱ्यांचं गाव. विसरणार कोण?

पाणी उतरायला दोन तास गेले. तेवढ्यात कंडक्टरनं एक काम केलं, ते इतकं साधं होतं की कोणाच्या लक्षातही आलं नसेल. त्यानं पुढच्या गावच्या दुकानदाराला फोन लावला. "गाडी नाल्यावर उभी हाय. थांबलेल्या लोकायले सांगून द्या, येते, पन टाइम लागंन." आम्ही पोचलो तेव्हा फाट्यावरची माणसं दुकानाच्या पत्र्याखाली बसून चहा पीत होती. एकानंही आवाज चढवला नाही. उलट एका म्हातारबानं ड्रायव्हरला विडी पुढे केली.

दोन तास उशीर, आणि तक्रार शून्य.

सोमवार, २ सप्टेंबर, पोळा

बैल सजले, तोरणाखाली उभे राहिले, पाऊस येऊन झुली भिजवून गेला. पुरणपोळ्या झाल्या.

शाळेतल्या एका सहकारी बाईंचा फोन. त्यांचा मुलगा सिकंदराबादहून विजयवाड्याला जायचा होता. तेलंगणात केसमुद्रमजवळ रुळाखालचा भराव वाहून गेला आणि त्या मार्गावरच्या गाड्या धडाधड रद्द झाल्या. मुलाला मोबाईलवर संदेश आला, पैसे परत मिळतील असंही आलं. रेल्वेचा नियम तसा स्पष्ट आहे : गाडी आपल्या स्थानकावर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडं परत. तक्रारीला १३९ आहे.

बाई म्हणाल्या, "बघा, रेल्वेचं कसं असतं!" असतं खरं. पण रेल्वेला प्रवाशाचं नाव माहीत असतं, नंबर माहीत असतो, बर्थ माहीत असते. आरक्षण केलेल्या प्रवाशाचं एसटीतही माहीत असतं. आमच्या फाट्यावर उभी असलेली बाई मात्र गाडीत चढून पैसे देईपर्यंत कोणाच्याच खिजगणतीत नसते. ती गाडीत चढलीच नाही, कारण गाडीच आली नाही, तर त्या दिवशी ती प्रवासी ठरते की नाही? विनोद म्हणून लिहिलं, पण आता वाटतं, यात फारसा विनोद नाही.

भाऊजींनी संध्याकाळी मोटारसायकलनं मोठ्या रस्त्यापर्यंत सोडलं. रात्री वाशिमला.

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज एसटी कर्मचाऱ्यांच्या संयुक्त कृती समितीचं आंदोलन सुरू झालं. मागणी जुनीच : राज्य सरकारी कर्मचाऱ्यांइतकं वेतन आणि थकलेले भत्ते. गणपती चार दिवसांवर. राज्यात आगारं २५१, त्यातली पन्नासाहून अधिक पूर्ण बंद असल्याची बातमी. विदर्भात मात्र गाड्या बऱ्याच अंशी सुरू. म्हणजे आमच्याकडे धड बंद नाही, धड चालूही नाही. यापेक्षा कडकडीत बंद परवडला, असं एक भाजीवाली म्हणाली. मला ते पटलं. बंद असेल तर माणूस घरीच राहतो किंवा दुसरी सोय बघतो. आज सगळे घरून निघालेले होते.

शाळेची गाडी मिळाली. परत येताना एका स्थानकावर चौकशीच्या खिडकीपाशी तासभर थांबले, थोडी गरजेनं आणि थोडी हौसेनं. आत कंट्रोलर एकटे, समोर एक फोन, एक वही. एक नवरा-बायको नांदेडला दवाखान्यात निघाले होते, बाईच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट.

"नांदेड हाये का?"

"तिकडून आली तर जाईल."

"येनार हाये का?"

"तिकडचा डेपो चालू असला तर येईल."

"मंग चालू हाये का?"

कंट्रोलरनी फोन उचलून दाखवला. कोणी घेत नव्हतं. त्या माणसानं प्रश्न परत पहिल्यापासून विचारला. त्याच्यामागच्यानं तोच विचारला. त्याच्यामागच्या बाईनंही तोच. कंट्रोलरचा आवाज प्रत्येक वेळी एक पट्टी चढत गेला. शेवटी ते जे बोलले त्याला उद्धट म्हणता येईल, आणि मी त्या खुर्चीत असते तर त्यांच्या बऱ्याच आधी तसं बोलले असते.

मग एका कॉलेजच्या मुलीनं सुचवलं, "सर, लिहूनच ठेवा ना." भिंतीशी एक जुना फळा होता, त्यावर मागच्या कुठल्यातरी यात्रेच्या जादा गाड्यांची वेळ अजून पुसट दिसत होती. कंट्रोलरनी खडू घेतला. "नांदेड — समोरून गाडी आल्यास. अकोला — चालू. पुसद — एक गाडी गेली, पुढची सांगता येत नाही." आणि खाली, थोडं थांबून, "दर अर्ध्या तासाने फळा बदलेल." खिडकीवरची गर्दी खरोखरच फळ्याकडे सरकली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ती मुलगी वाचून दाखवत होती. कळलेलं काय? काहीच पक्कं नाही, एवढंच. पण "माहीत नाही" हेही मोठ्या अक्षरात लिहिलं की माणसं त्यावरून आपला निर्णय घेतात. नवरा-बायकोनी एक्स-रे सांभाळत अर्धा तास वाट बघितली आणि रेल्वे स्टेशनचा ऑटो धरला.

बाहेर चहाच्या टपरीवर एक निवृत्त वाहतूक नियंत्रक भेटले. आयुष्य एसटीत गेलेलं, अजून रोज येऊन बसतात. मी विचारलं, काका, एखादी फेरी रद्द करायची हे ठरतं कसं? त्यांनी बशीत चहा ओतला.

"पाहा मॅडम. पहाटे पाच वाजता माझ्यासमोर पन्नास शेड्यूल अन् शेहेचाळीस गाड्या. दोन वर्कशॉपात, एकीचा ड्रायव्हर रजेवर, एक रात्री मुक्कामाहून आलीच नाही. चार कापायच्या. पुणे कापता येते? रिझर्वेशन असते. अकोला, अमरावती? तिथं उत्पन्न असते. मंग उरते खेडं."

"कोणतं खेडं?"

"ज्या खेड्यातून फोन येत नाही थे."

हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं असं मला दिसलं नाही. बढाईही नव्हती. भाकरी थापणारी बाई पीठ कमी पडलं तर काय करते, तेवढ्याच सहज.

रात्री. २०२१ आठवतंय. ऑक्टोबरच्या शेवटी संप सुरू झाला आणि नोव्हेंबरात एकूण एक आगार बंद पडलं. विलीनीकरणाची मागणी होती. पगार वेळेवर होत नव्हते, कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, तेव्हा त्या लोकांना नावं ठेवायला जीभ धजत नव्हती. सरकारनं ८ नोव्हेंबरला खासगी आणि शाळेच्या बसगाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. शहरांना त्याचा उपयोग झाला असेल. आमच्या शाळेच्या वाटेवर कोणती शाळाबस येणार होती? उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू व्हा असं सांगितलं, तेव्हा गाड्या सुटल्या. साधारण सहा महिने.

कोरोनानंतर ग्रामीण भागातल्या पाचवीपासूनच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या होत्या. पोरी महिनाभर आल्या, आणि संप. मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या मुलींसाठीच आहेत, त्याही डेपोत उभ्या. मुलगे सायकलनं, ट्रॅक्टरवर, कोणाच्या मागे बसून येत राहिले. पाच-सहा किलोमीटरवरच्या मुलींची हजेरी आधी तुटक झाली, मग थांबली. त्यातल्या दोघींची लग्नं उन्हाळ्यात झाली. संप नसता तर झाली नसती असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येत. पण त्या दोघींची तक्रार कोणाकडे आणि कोणत्या नमुन्यात करायची होती, हे मला अजून सुचलेलं नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

रात्री बातमी : मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली, मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ मान्य, आंदोलन मागे. बरं झालं. उद्या शिक्षक दिन, पोरी गाडीनं येतील.

गुरुवार, १२ सप्टेंबर

महालक्ष्म्या उठल्या. तीन दिवस सोळा भाज्या, आंबील आणि पाहुणे यात वही उघडली नाही. बहीण जेवायला आली होती. ती म्हणाली, गावची संध्याकाळची गाडी आता आठवड्यातून दोन-तीनदाच येते. तालुक्याला मजुरीला गेलेल्या बाया काळीपिवळीनं येतात. तिथं अर्धं तिकीट नाही, आणि अंधार पडला की भाडं वाढतं. "तू लिहिणारी आहेस, अर्ज लिहून दे." भाऊजींनी माहिती काढली होती : १५ जुलैपासून महामंडळानं 'प्रवासी राजा दिन' सुरू केलाय. सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रक एकेका आगारात बसतात, सकाळी दहा ते दोन प्रवाशांचं ऐकतात, मग दुपारी कर्मचाऱ्यांचं. कर्मचाऱ्यांचं त्याच दिवशी, त्याच साहेबांनी ऐकायचं, ही कल्पना ज्याची असेल त्याला काहीतरी कळतं असं मानायला हरकत नाही.

नाव मात्र राजा. दहा ते दोन या वेळात ज्या बायांची गाडी चुकते त्या निंदणाला गेलेल्या असतात.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

किरकोळ रजा टाकून भाऊजींबरोबर गेले. सोबत गावचे दोघेजण आणि एक मावशी, त्यांनी आजची मजुरी सोडली.

अर्ज मीच लिहिला होता. तारखांसकट : कोणत्या दिवशी गाडी आली, कोणत्या दिवशी आली नाही. बहिणीनं कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवल्या होत्या, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. साहेब आत दुसऱ्या लोकांचं ऐकत होते. टेबलावरच्या बाबूंनी अर्ज वाचला आणि छापील नमुना पुढे केला. भले गृहस्थ, पाणीही विचारलं. पण नमुना म्हणजे नमुना.

"बस क्रमांक लिहा."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. "कोणत्या बसचा?"

"ज्या बसबद्दल तक्रार आहे त्या."

"आली असती तं नंबर पाह्यला असता ना साहेब."

बाबू हसले. आम्हीही हसलो. पण रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. पुढचा रकाना : चालक किंवा वाहकाचं नाव, बिल्ला क्रमांक, माहीत नसल्यास वर्णन. "म्हणजे चौकशी कोणाची करायची ते कळायला पाहिजे," बाबू म्हणाले. भाऊजी म्हणाले, चौकशी गाडीची करा. बाबू म्हणाले, गाडी थोडीच जबाब देते. शेवटी त्यांनीच तोड काढली : त्या फेरीवर नेहमी कोण असतं ते लिहा, म्हणजे फेरी कोणती हे तरी सापडेल. भाऊजींनी लिहिलं, "नेहमीचे कंडक्टर, चष्मा लावतात."

साहेबांनी दोन मिनिटं नीट ऐकलं, हे नोंदवायला हवं. फुल्यांचं कॅलेंडर हातात घेऊन बघितलं. "हे चांगलं केलं," म्हणाले.

घरी येताना विचार करत होते. या नमुन्यात सुटे पैसे न देणारा कंडक्टर बसतो, थांब्यावर गाडी न थांबवणारा ड्रायव्हर बसतो, फाटलेली सीट आणि गळकं छतही बसतं. पहाटे पाच वाजता शेहेचाळीस गाड्यांत पन्नास शेड्यूल बसवणारं गणित बसत नाही. ते कोणा एकाचं नाहीच. थोडं वर्कशॉपातल्या न मिळालेल्या सुट्या भागाचं, थोडं न झालेल्या भरतीचं, थोडं मंत्रालयात अडकलेल्या सवलतींच्या प्रतिपूर्तीचं. प्रवाशाला यातलं कोणीच दिसत नाही. त्याला दिसतो तो खाकीतला माणूस, आणि तक्रार जाऊन पडते ती त्याच्याच अंगावर.

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज गाडीचा पाटा तुटला. मोठा आवाज झाला, गाडी एका अंगाला कलली, ड्रायव्हरनं अलगद बाजूला घेतली. उन्हं चढलेली, सोयाबीन पिवळं पडत आलेलं, आसपास झाड म्हणावं असं एकच बाभूळ.

कंडक्टर तरुण मुलगी होती. तिनं आधी आगाराला फोन केला. मग गाडीत उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "गाडी इथून पुढे जाणार नाही. तिकीट कोणी फेकू नका, त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसवून देते. म्हातारी माणसं आणि लेकरंवाल्या आधी." मग रस्त्यावर उतरून उभी राहिली.

पहिली गाडी खचाखच भरलेली, थांबलीच नाही. तिचा ड्रायव्हर हातानंच "मागे, मागे" करत निघून गेला. ती काही बोलली नाही, फक्त घड्याळ बघितलं. दुसरी गाडी निमआराम. थांबली. आता दारात दोन कंडक्टर समोरासमोर. आतला म्हणाला, जागा नाही. ती म्हणाली, "उभे राहतील. अकरा माणसं आहेत, त्यातले तीन पंचाहत्तरीचे." तो म्हणाला, माझ्या गाडीचं भाडं वेगळं आहे. ती म्हणाली, "ब्रेकडाउन आहे दादा, फरक घ्यायचा नाही, तुम्हालाही माहीत आहे." एवढ्या वेळात तिनं एका आजीला खालून उचलून पायरीवर चढवलंसुद्धा होतं. वाद संपला.

दरम्यान एक काळीपिवळी येऊन थांबली, घाई असलेले चारजण तिच्यात बसले. त्यातला एक जाता जाता म्हणाला, "एसटीचं हे असंच." कंडक्टर मुलीनं त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "काका, तिकीट जपून ठेवा, उरलेल्या पैशाचं विचारता येतं." त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे.

मी तिसऱ्या गाडीत बसले. ती आणि ड्रायव्हर मेकॅनिकची वाट बघत बाभळीखाली. ड्रायव्हरनं डबा उघडला होता.

आजच्या या बाईबद्दल कोणत्याही वहीत काही लिहिलं जाणार नाही. आगारात सूचना आणि तक्रारींची वही असते, त्यात चांगलं लिहायलाही बंदी नाही. मी लिहिणार होते. मग रोजच्यासारखं घाईनं घरी आले, आणि ते या वहीत लिहिते आहे.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आज पोहरादेवीला पंतप्रधान. बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन. काल शाळेतच सगळ्यांनी ठरवलं होतं की आज मानोऱ्याच्या बाजूला कोणी काम काढायचं नाही. सभा असो, यात्रा असो, लग्न असो, एसटी भाड्यानं देण्याला महामंडळाच्या भाषेत 'प्रासंगिक करार' म्हणतात. त्यात पैसा रोख आणि खात्रीचा, म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तोट्यातल्या संस्थेनं दोन पैसे मिळवू नयेत का? फक्त करारावर गेलेल्या गाडीची रोजची फेरी त्या दिवशी कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

काल निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला. आम्हा शिक्षकांच्या नेमणुका येतील, आणि मतदान पथकं न्यायला एसटी लागतील. त्या दोन दिवसांपुरती मी न येणाऱ्या गाडीत बसलेली असेन. फाट्यावरच्यांना आधी सांगून ठेवायला पाहिजे. दुकानदाराचा नंबर घेतला.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

बहिणीकडे अर्जाचं उत्तर आलं. तिनं फोनवर वाचून दाखवलं, मग फोटो पाठवला. जावक क्रमांक, शिक्का, सगळं रीतसर. आपल्या तक्रारीच्या अनुषंगानं चौकशी करण्यात आली असून, संबंधित वाहकास प्रवाशांशी सौजन्यानं वागण्याबाबत समज देण्यात आली आहे.

फेरीबद्दल अक्षर नाही.

गावात काय झालं ते बहिणीनंच सांगितलं. चष्मेवाले कंडक्टर हे गावाच्या जिव्हाळ्याचे. कोणाचं बीपीचं औषध तालुक्याहून आणून दे, कोणाचा डबा होस्टेलच्या पोराला पोचव, ही कामं तेच करतात. गाडी आली त्या संध्याकाळी त्यांनी दारातच विचारलं, "काय हो, म्या कोनाले काय बोललो होतो?" मजुरीहून येणाऱ्या बाया कानकोंड्या झाल्या. मावशी तर रडायलाच लागल्या, अर्जावर अंगठा त्यांचाही होता.

रविवारी पारावर बसून भाऊजींनी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी मला विचारलं नाही, आणि मी लिहिला असता त्यापेक्षा तो चांगला झालाय : 'सदर वाहकाबद्दल आमची काहीच तक्रार नाही, उलट त्यांचे आभार आहेत. त्यांना दिलेली समज परत घ्यावी. आमची तक्रार गाडी येत नाही ही आहे. बस क्रमांक : गाडी आली नाही म्हणून नंबर नाही.' खाली बायांच्या सह्या आणि अंगठे, सोबत ऑक्टोबरच्या पानावरच्या नव्या फुल्या.

काल संध्याकाळी गाडी आली, तेव्हा कंडक्टरनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "द्या, मीच देतो आगारात." भाऊजींनी कागद मागे घेतला. "नको. तुमच्या हातानं गेला तं हेही तुमच्याच अंगावर येईन."

शुक्रवारी ते स्वतः घेऊन जाणार आहेत. सकाळच्या गाडीनं. न आल्यास मोटारसायकलनं.